भोचक कोणाला म्हणावे?

नसरापूरच्या बाजारातून वेल्ह्याकडे निघणाऱ्या वडापच्या जीपमध्ये जो परका माणूस एकदा बसला, त्याला मार्गासनी येण्याच्या आत आपले गाव, आडनाव, प्रवासाचे प्रयोजन, आईवडिलांची हयात आणि स्वतःच्या लग्नाची हकीकत या सगळ्याची जबानी बहुधा द्यावी लागते. आणि ती घेणारी व्यक्ती म्हणजे बाजाराची पिशवी मांडीवर धरून बसलेली, साठी उलटलेली एखादी म्हातारी असते. तिचे प्रश्न ठरलेल्या क्रमाने येतात. "कुठलं गाव म्हणायचं, बाळा?" हा पहिला. "कुणाच्यात निघालास?" हा दुसरा, आणि तोच खरा महत्त्वाचा, कारण या खोऱ्यात माणसाची ओळख त्याच्या धंद्यावरून पटत नाही, तो कोणाच्या उंबऱ्याशी जोडलेला आहे यावरून पटते. "आई-बाप हाइत न्हवं?" आणि "लगीन झालंय का?" हे त्यानंतरचे. त्या माणसाला गुंजवण्याला जायचे असेल, तर फाटा येताच ती स्वतः ड्रायव्हरला हाक मारून जीप थांबवायला लावते, पुढचे वाहन कुठे उभे राहते आणि परतीचे शेवटचे केव्हा सुटते हे सांगते, आणि ते चुकलेच तर कोणाच्या पडवीत पथारी टाकावी त्या घराचा पत्ताही देऊन ठेवते.

शहरातून आलेला सुशिक्षित मनुष्य या म्हातारीला मनातल्या मनात 'भोचक' म्हणून मोकळा होतो. माझे मत असे आहे की तो शब्द तिच्यासाठी नाही. ज्यांच्यासाठी तो खरोखर आहे त्यांच्याबाबत मात्र तो उच्चारण्याचे धैर्य आपण दाखवीत नाही, आणि आपल्या भाषिक व्यवहारातील या अन्यायाची कोणी फारशी दखलही घेतलेली नाही.

दुसऱ्याच्या व्यवहारात नको इतके लक्ष घालणाऱ्या माणसासाठी मराठीने जी शब्दसंपत्ती साठविली आहे, ती पाहिली म्हणजे या स्वभावाचे आपल्या पूर्वजांनी किती सूक्ष्म अवलोकन केले होते याचा प्रत्यय येतो. नको ते, नको त्या वेळी विचारतो तो भोचक; न विचारता दुसऱ्याच्या बोलण्यात तोंड घालतो तो चोंबडा; तोंडाबरोबर हातही घालतो तो लुडबुड्या; ऐकलेले वरिष्ठांच्या कानी नेऊन पोचवितो तो चहाडखोर; आणि एका घरातले दुसऱ्या घरी सांगून दोन्ही घरांत अग्नी पेटवितो तो कळलाव्या. आपला काडीमात्र संबंध नसलेल्या कामाचा भार डोक्यावर घेऊन हिंडणे याला नसती उठाठेव म्हणतात, आणि तिची संभावना 'कोणाची म्हैस, कोणाला उठबैस' या म्हणीने होते. दुसऱ्याच्या घरात वाकून पाहणाऱ्याला स्वतःचे झाकून ठेवण्याची किती दक्षता असते, हेही आपल्या म्हणींनी हेरलेले आहे. याच्या दुसऱ्या अंगाला पाहावे तर तेथेही दारिद्र्य नाही: चौकस आणि जिज्ञासू ही विशेषणे आहेत, विचारपूस आणि वास्तपुस्त आहे, ख्यालीखुशाली आहे, हालहवाल आहे. आजारी माणसाची वास्तपुस्त न करणारा शेजारी हा आपल्याकडे आजही दोषी मानला जातो.

म्हणजे प्रश्न विचारणे हे स्वभावतः निंद्य आहे असे मराठी भाषेने कधीच मानलेले नाही. तिने फरक केला आहे. तो फरक कोणत्या तत्त्वावर केला, आणि प्रत्यक्ष वापरात त्या तत्त्वाचे काय झाले, हे पाहू लागले म्हणजे मनाला अस्वस्थता येते.

या निंदाव्यंजक शब्दांचा वापर कोणाच्या संदर्भात होतो हे कोणीही आपल्या कानांनी पडताळून पाहावे. 'भोचकभवानी' हा शब्द सर्वांच्या परिचयाचा आहे. तशाच वर्तनाच्या पुरुषाला लावावा असा त्याचा पुल्लिंगी जोडीदार भाषेत नाही. 'चोंबडी' हे विशेषण सुनेला, मोलकरणीला, शाळकरी मुलीला जितक्या सहज चिकटविले जाते, तितक्या सहज 'चोंबडा' हे विशेषण गावच्या सरपंचाला किंवा शाळेच्या मुख्याध्यापकाला कोणी चिकटविल्याचे ऐकिवात नाही. पाणवठ्यावर चार बायका बोलल्या तर त्या कुचाळक्या. चावडीवर चार पुरुषांनी त्याच घराविषयी, तेच आणि तितक्याच वेळ बोलावे, तर ती गावकीची चर्चा. निरर्थक आणि खोल खोल जाणाऱ्या प्रश्नांना तर आपण एका कष्टकरी जातीचे नाव जोडून 'चांभारचौकशी' म्हणतो, आणि ज्या माणसाने पिढ्यान्‌पिढ्या गावाच्या पायांना वहाण आणि विहिरीला मोट पुरविली, त्याने एखादी गोष्ट विचारणे हेच मुळी हास्यास्पद, असा त्या शब्दाच्या पोटातला भाव आहे. हा शब्द सभ्य लेखणीतून आणि जिभेवरून कायमचा गेला पाहिजे. तो वापरणाऱ्याच्या मनात जातीचा विचार नसतो असे समर्थन मी पुष्कळदा ऐकले आहे. परंतु ऐकणाऱ्याच्या मनात तो असतोच, आणि अपमानाची मोजणी करण्याचा हक्क अपमानिताकडेच राहिला पाहिजे.

यातली वेदना अशी की जुन्या गावगाड्यात गावाची चौकशी ज्यांच्यावर सोपविलेली होती, ती माणसे याच थरांतली होती. गावात कोण आले, कोण गेले, रात्री वेशीबाहेर कोणाची गाडी सुटली, हे ठाऊक असणे हे वेसकर महाराचे काम असे; परक्याची वर्दी पाटलाला देणे त्याच्याकडे असे; आणि दोन गावांत शिवेचा तंटा उभा राहिला म्हणजे शीव चालून दाखविण्यासाठी पुष्कळदा त्यालाच पुढे केले जाई, कारण बांध, ओढा, खुणेचे दगड यांची स्मृती त्याच्याइतकी कोणाजवळ नसे. ज्याला देवळाच्या पायरीवर पाऊल ठेवण्याची मनाई, त्याच्या शब्दावर गावाच्या जमिनीची मर्यादा ठरत असे. या महार वतनाच्या जोखडातून आपल्या समाजाला सोडविण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले, आणि ही कनिष्ठ वतने कायद्याने नष्ट होण्यास १९५८ साल उजाडावे लागले. ज्याच्या चौकसपणावर गाव निर्धास्त झोपले, त्याच्या पदरात भाषेने मानाचा एकही शब्द टाकला नाही.

आता याच्याशी भोरच्या इतिहासाची तुलना करून पाहावी. भोरचे संस्थान हे पंत सचिवांचे. ८ मार्च १९४८ रोजी ते मुंबई प्रांतात विलीन झाले, तोवर या खोऱ्यांचा मोठा भाग त्यांच्या अमलाखाली होता. सचिव म्हणजे पूर्वीचा सुरनीस, आणि सुरनिसाचे काम तरी काय होते? शिवाजी महाराजांच्या १६७४ च्या राज्याभिषेकानंतर अष्टप्रधानांची कर्तव्ये नेमून देणारा जो कानुजाबता झाला, त्यात सचिवाने राजपत्रे शोधून त्यांतील अधिक-उणे अक्षर शुद्ध करावे, महाल-परगण्यांचा हिशेब तपासावा आणि पत्रावर आपले चिन्ह करावे, असे त्याचे कर्तव्य सांगितलेले आहे. तर मंत्री म्हणजे वाकनीस याच्याकडे राजाची दिनचर्या, त्याची आमंत्रणे, त्याच्या भोजनाची व्यवस्था यांवर लक्ष ठेवण्याचे काम होते. राजा कोणाकडे जेवतो आणि त्याच्या पत्रात काना-मात्रा कमी की जास्त, इतक्या बारीक गोष्टींत लक्ष घालणे हे ज्या राज्यात प्रधानपदाचे काम मानले गेले, त्या राज्याच्या संस्थापकाला माहितीचे मोल पुरते कळले होते हे उघड आहे. सुरतेच्या १६६४ च्या मोहिमेपूर्वी तेथील बातमी काढून आणणाऱ्या बहिर्जी नाइकांचे नाव बखरकाराने नोंदून ठेवले आहे, आणि राजगडाच्या पायथ्याच्या गावांतून ते आजही आदराने उच्चारले जाते. सचिवपदाचे शंकराजी नारायण १७०७ साली निवर्तले; आंबवड्यास त्यांची समाधी आहे, आणि तेथे मस्तक नमविणाऱ्यांपैकी कोणाच्याही मनात असे येत नाही की ज्या पदाला आपण वंदन करीत आहोत, त्याचा पाया दुसऱ्याचे कागद आणि दुसऱ्याचे हिशेब वाचणे हाच होता.

मी या पदांची निंदा करीत नाही. उलट त्यांच्यात मला ते तत्त्व सापडते, जे शब्दांच्या रोजच्या वापरात हरवले. सुरनीस पत्र वाची आणि त्याखाली आपले चिन्ह करी, म्हणजे चूक राहिली तर ती त्याच्या माथी येई. रोहिड खोऱ्याचे जेधे, हिरडस मावळचे बांदल, गुंजण मावळचे शिळीमकर, कानद खोऱ्याचे मरळ या देशमुखांच्या मुलखात वतनाचा तंटा उभा राहिला म्हणजे गोत बसे, वादी-प्रतिवाद्यांच्या तकरिरी घेतल्या जात, साक्षीदारांना पूर्वजांची आणि बेलभंडाऱ्याची आण घातली जाई, प्रसंगी दिव्यही करावे लागे. आणि मग निवाड्याचा महजर होऊन त्यावर गोताच्या सह्या-निशाण्या पडत. घराण्यातली भांडणे, दत्तकाची पात्रापात्रता, कोणी कोणाचा खून केला, कोणाची बायको कोणी नांदविली, इतक्या खाजगी गोष्टी त्या बैठकीत उघड होत असत. परंतु विचारणाराही शपथेने बांधलेला असे. आपण काय ऐकले याची तो सही करी. आणि निवाडपत्र झाले की चौकशी संपे. भोचकपणाला यातले काहीच नसते. त्याला सही नसते, शपथ नसते, आणि मुख्य म्हणजे त्याला शेवट नसतो. एका उत्तरातून दुसरा प्रश्न निघतो, आणि मिळालेली माहिती कोणाच्याही उपयोगी न पडता केवळ हातोहात फिरत राहते.

विंझर-वेल्ह्याकडच्या त्या म्हातारीला मी भोचक म्हणत नाही ते एवढ्याचसाठी. तिने पाच प्रश्न विचारले, त्याबरोबर तुमच्या त्या रात्रीच्या निवाऱ्याची जोखीमही तिने अंगावर घेतली. या तालुक्यांतली गावे आज कशी आहेत हे ज्याने पाहिले असेल, त्याला या जोखमीचे मोल सांगावे लागणार नाही. कर्ती माणसे पुण्याच्या कारखान्यांत, मुंबईच्या बाजारांत आणि गोद्यांत. मागे राहिलेले म्हातारे-कोतारे, भाताची खाचरे आणि चार महिने न उघडणारा पाऊस. अशा आषाढात समोरच्या घराच्या कौलांतून सकाळी धूर निघाला नाही एवढे जिच्या लक्षात येते, आणि जी डोक्यावर इरले घेऊन चिखल तुडवीत त्या दारात जाऊन "का गं, चूल नाही पेटवलीस?" असे विचारते, तिच्याइतकी विश्वासार्ह आरोग्यव्यवस्था या डोंगरात सरकारला अजून उभारता आलेली नाही. याच पुणे जिल्ह्यात, आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव ३० जुलै २०१४ च्या पहाटे डोंगराखाली गाडले जाऊन दीडशेहून अधिक माणसे गेली, तेव्हा जगाला पहिली खबर लागली ती एस.टी.च्या चालकामुळे, गाडी घेऊन तो नेहमीच्या वाटेने आला आणि जेथे गाव असायचे तेथे गाव नाही, हे त्याने पाहिले. रोजची घरे, रोजची माणसे ज्याच्या नजरेत भरलेली असतात त्यालाच त्यांचे नसणे दिसते.

इतके लिहून मी थांबलो असतो, तर गावच्या विचारपुशीचे हे गोडवे लबाडीचे ठरले असते. त्याच जीपमध्ये, शनिवारी दुपारी, पुण्याहून घरी परतणारी बावीस-तेवीस वर्षांची एखादी मुलगी बसलेली असते. ती हिंजवडीकडच्या कंपनीत लागलेली असते, मैत्रिणींबरोबर खोली करून राहते आणि महिन्याच्या पगारातून भावाची फी भरते. तिला विचारले जाणारे प्रश्न वेगळे असतात. "किती देत्यात गं?" इथपर्यंत ठीक. "रातपाळी असती का? सोडायला कोण येतं? खोलीवर कोण कोण असतात? फोनवर कुणाशी बोलत हुतीस मगाशी?" या प्रश्नांच्या उत्तरांतून तिला निवारा मिळत नाही, ती घरी पोचण्यापूर्वी तिची उत्तरे पोचलेली असतात, आणि जी दिली नाहीत तीही पोचलेली असतात. बापाला पारावर दोन माणसे गाठतात. चांगल्या घरचे स्थळ 'पुढच्या वर्षी बघू' म्हणून मागे फिरते. त्या मुलीने पुढच्या वेळी जीपमध्ये कानांत यंत्र घालून डोळे मिटून बसावे, याला उद्धटपणा म्हणणाऱ्यांनी तिच्या जागी एकदा बसून पाहावे. शहरातही तिची सुटका नाही. खोली भाड्याने देताना जात, आहार, लग्न आणि येणारे-जाणारे पुरुष यांची जी बारीक तपासणी होते, ती सोसायटीच्या 'नियमांच्या' नावाखाली होते, म्हणून तिला भोचकपणा म्हणण्याची सोय राहत नाही.

येथे मूळ मुद्दा हाती लागतो. दुबळ्याचे कुतूहल आपल्याकडे भोचकपणा ठरते आणि बलवंताचे कुतूहल चौकशी, पडताळणी, समन्वय अशी प्रतिष्ठित नावे धारण करते. महाराष्ट्र सरकारने १३ डिसेंबर २०२२ रोजी आंतरजातीय आणि आंतरधर्मीय विवाह केलेल्या जोडप्यांची माहिती गोळा करणारी एक राज्यस्तरीय 'परिवार समन्वय समिती' शासननिर्णयाने स्थापन केली. मुली आपल्या माहेरच्या संपर्कात आहेत की नाहीत हे त्या समितीने पाहावयाचे होते. टीका झाल्यावर काही दिवसांतच 'आंतरजातीय' हा शब्द वगळण्यात आला, आंतरधर्मीय विवाहांपुरती समिती राहिली. ज्या राज्यात जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक पद्धतीची लग्ने लावली, त्या राज्यातील शासनाने सज्ञान स्त्रीच्या संसारात असे डोकावावे, याला मराठीत नेमका शब्द आहे. पण वृत्तपत्रांच्या मथळ्यांत तो शब्द मला दिसला नाही. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यातही लग्न करू इच्छिणाऱ्यांची नोटीस विवाह अधिकाऱ्याच्या कचेरीत दर्शनी भागी लावून तीस दिवस थांबण्याची तरतूद आहे. कायदा करणाऱ्यांचा हेतू फसवणूक टाळण्याचा असेल. परंतु भोरसारख्या लहान गावात कचेरीच्या फलकावरचे दोन नावांचे कागद कोण वाचतो आणि वाचून कोणाला फोन करतो, हे जाणणाऱ्याला त्या तीस दिवसांचे भय समजावून द्यावे लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणाचा अधिकार हा मूलभूत अधिकार असल्याचा एकमुखी निर्वाळा दिल्यानंतरही तो फलक भिंतीवर तसाच आहे.

जातपंचायतींची गोष्ट तर याहून कठोर. 'नसती पंचाईत' हा वाक्प्रचार आपण सहज वापरतो, पण ज्यांच्या घरात खरोखरीची पंचायत शिरली त्यांना वाळीत पडावे लागले, दंड भरावे लागले. २०१७ साली अमलात आलेला महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा हा अशा प्रकारचा देशातील पहिला कायदा होय. त्यानंतरच्याच वर्षी पुणे-पिंपरी भागातील कंजारभाट समाजाच्या तरुण-तरुणींना नववधूच्या कौमार्यपरीक्षेच्या प्रथेविरुद्ध उभे राहावे लागले. शेजघराच्या दारापर्यंत जाऊन उत्तर मागणाऱ्या त्या पंचांना आजवर कोणी भोचक म्हटले नाही; पंच म्हटले.

प्रश्न वरून खाली येतात तेव्हा त्यांना मान मिळतो, आणि खालून वर जातात तेव्हा काय होते? पानशेत हे आजच्या वेल्हे, म्हणजे राजगड तालुक्यातले. आंबी नदीवरचे ते धरण पुरते बांधून झालेले नसताना त्यात पाणी साठविले गेले, आणि १२ जुलै १९६१ रोजी सकाळी ते फुटून पुणे शहराचा नदीकाठ वाहून गेला. आदल्या रात्री लष्कराच्या जवानांनी वाळूची पोती रचून बांध तगविला, म्हणून निदान लोंढा दिवसाउजेडी आला. चौकशी आयोग नंतर बसला. धरण फुटण्यापूर्वीच्या महिन्यांत एखाद्या मजुराने, एखाद्या गाववाल्याने "सायेब, हे पाणी एवढ्यात कशाला अडवताय?" असे विचारले असते, तर त्याला काय उत्तर मिळाले असते याची कल्पना प्रत्येक वाचकाला आपल्या कचेऱ्यांच्या अनुभवावरून करता येईल. नीरा-देवघरच्या आणि गुंजवणीच्या धरणग्रस्तांना पर्यायी जमिनीविषयी विचारताना ज्या चेहऱ्यांना तोंड द्यावे लागते, ते चेहरे "तुला काय करायच्या चौकशा?" एवढेच बोलतात.

माहितीच्या अधिकाराचा कायदा महाराष्ट्राने २००२ साली केला आणि देशाला तो २००५ साली मिळाला, याचा आपल्याला अभिमान आहे, आणि तो असावा. परंतु त्याच कायद्याचा अर्ज हाती घेऊन तलाठ्याच्या, ग्रामसेवकाच्या, उपअभियंत्याच्या टेबलासमोर उभ्या राहणाऱ्या नागरिकाकडे गाव कोणत्या नजरेने पाहते? 'याला दुसरा उद्योग नाही' ही त्याची संभावना असते. द्रुतगती मार्गाच्या परिसरातील जमिनींचे व्यवहार उघडकीस आणणारे तळेगाव दाभाड्याचे सतीश शेट्टी १३ जानेवारी २०१० रोजी सकाळी फिरायला गेले असता मारले गेले. आज भोर आणि वेल्ह्याच्या नदीकाठांवर, धरणांच्या फुगवट्याकडेला आणि गडांच्या पायथ्याला जमिनींचे भाव चढत आहेत. शेतघरांची कुंपणे पडत आहेत. कालची गायरानाची वाट आज कोणाच्या फाटकात जाते हे कळेनासे झाले आहे. अशा दिवसांत सातबारा वाचणारा, फेरफाराची तारीख पाहणारा, "ही पायवाट कुणी बुजवली?" असे नाव घेऊन विचारणारा माणूस गावाला जितका आवश्यक आहे, तितका पूर्वी कधी नव्हता. त्याला उठाठेव्या म्हणणे हे गावाने आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणे होय.

जीपमधल्या त्या मुलीच्या पगाराची पावती गावाला ठाऊक असते आणि ग्रामपंचायतीच्या विहिरीच्या बिलाची पावती कोणी पाहिलेली नसते. ही स्थिती बदलण्यासाठी नवा कायदा लागणार नाही. ग्रामसभा वर्षातून निदान चार वेळा भरली पाहिजे आणि तिच्या आधी स्त्रियांची वेगळी सभा भरली पाहिजे, हे ग्रामपंचायत कायद्यात लिहिलेलेच आहे. प्रत्यक्षात ती सभा पुष्कळ ठिकाणी सह्यांच्या रजिस्टरात भरते. ज्या बायकांची चोंबड्या म्हणून हेटाळणी होते, त्यांच्याजवळ गावातली सर्वांत अचूक माहिती असते: कोणत्या वस्तीला मार्चपासूनच हंडाभर पाण्यासाठी ओढ्यात उतरावे लागते, कोणत्या शाळेत गुरुजी आठवड्यातून कितीदा येतात, रेशनचे तांदूळ कोणत्या तारखेला आले आणि कोणत्या तारखेला 'संपले', कोणाच्या नावावर घरकुल मंजूर झाले आणि भिंत कुठे उभी राहिली. त्यांना त्या सभेत पुढच्या रांगेत बसवावे, इतिवृत्त मोठ्याने वाचून दाखवावे, त्यांनी विचारलेला प्रत्येक प्रश्न नावानिशी लिहून घ्यावा आणि पुढच्या सभेचा आरंभ मागच्या प्रश्नांच्या उत्तरांनी करावा. सुरनिसाप्रमाणे त्यांनी कागद पाहावा, आणि तो बरोबर असेल तरच त्याखाली सही करावी.